मेहलला कोण कोण आलं

तो माणूस दारात उभा राहिला तेव्हाच आल्वाला त्याचे बूट खटकले. तीन दिवस दलदलीच्या कडेकडेनं चालत आलोय म्हणत होता, आणि बुटांवर चिखलाचा एक ठिपका नाही.

तो बॅग ठेवायला वर गेल्यावर तिनं आईला ते सांगितलं.

"पुसले असतील," बाबीन म्हणाली. "सगळी माणसं तुझ्यासारखी नसतात."

"पुसून कोण येतं? ज्याला कुठून आला ते कळू द्यायचं नसतं तोच."

"तू पाव बघ. करपतोय."

गेराइंट प्रोथरो त्याचं नाव. वेल्सचा. दोन महिने राहणार होता, वरच्या खोलीत. ती खोली आल्वाच्या बापाची, आणि बाप गेल्यापासून चार वर्षं बंद. बाबीनच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तिला उभ्यानं फार काही करता येत नव्हतं, म्हणून भाड्यानं पाहुणा ठेवलेला. आल्वाचं उलटं. सतरावं चालू होतं, गेल्या वर्षी मार्चमध्ये शाळा सोडली होती, आणि तिला बसून काहीच करता येत नव्हतं.

माणूस शब्द गोळा करायचा. त्याच्याजवळ एक हिरवी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या, हजारभर तरी असतील.

"गोळा करतो म्हणजे काय करतो?" आल्वानं पहिल्याच जेवणाला विचारलं.

"आपण सर्व जण जे बोलता ते मी ऐकतो, आणि त्याची नोंद करतो." तो त्यांचीच आयरिश बोलायचा, पण पुस्तकातून काढलेली, इस्त्री केलेली. त्यांच्या गावात, रॉस कीरमध्ये, सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात, म्हाताऱ्यांनासुद्धा. हा माणूस कुत्र्यालाही 'आपण' म्हणेल असा.

"ते तर पोलीसही करतात," आल्वा म्हणाली.

तो हसला. छान हसला. तेही तिला आवडलं नाही.

त्या वर्षी रॉस कीरमध्ये परक्या माणसाकडे कुणी सरळ बघतच नव्हतं. त्याला कारण होतं. मोन रुआ म्हणजे गावाची दलदल. आजे-पणजे तिथूनच काळी माती कापत आले, विटांसारखी वाळवत आले, आणि हिवाळाभर चुलीत जाळत आले. दोन वर्षांपूर्वी सरकारनं फाटकावर पाटी ठोकली. कुठल्यातरी शेवाळासाठी आणि कुठल्यातरी पक्ष्यासाठी दलदल राखीव, आत कापायला बंदी. आता ती पाटी तांबड्या बार्टलीच्या कोंबड्यांना खुराड्यात चढायला लावलेली आहे. गाव कापत राहिलं. शेवाळाला थंडी वाजत नाही, माणसाला वाजते, एवढाच सगळ्यांचा विचार. मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गावातल्या कोलीन टॉमच्या नावानं कागद आला. कुठल्या दिवशी कापलं, कुठल्या कट्ट्यावर, म्हणजे दलदलीच्या कुठल्या पट्टीत कापलं, ट्रॅक्टरचा नंबर काय, सगळं त्यात बरोबर. तीन वेळा कोर्टाची पायरी चढावी लागली त्याला.

कुणीतरी सांगितलं होतं. गावातल्याच कुणीतरी. तेव्हापासून प्रत्येक जण दुसऱ्याच्या चहात चमचा किती वेळ फिरतो ते बघत होता.

आणि अशात हा माणूस आला, वही घेऊन.

दुसऱ्या आठवड्यात तो नुअलाच्या दुकानात शिरला. दुकान म्हणजेच पोस्ट. एका बाजूला तिकिटं, दुसऱ्या बाजूला बटाटे आणि बेकन, मध्ये नुअला. आल्वा खताच्या पोत्यावर बसली होती. कोलीन टॉम दूध घ्यायला आलेला, आणि तांबडा बार्टली काही न घ्यायला, रोजच्यासारखा.

"क्षमा करा," गेराइंट म्हणाला. "एका शब्दाबद्दल आपल्याला विचारू का? मेहल."

कुणी हललं नाही.

मेहल म्हणजे इर्जिक. एकट्याच्यानं न होणारं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं आणि त्या घरानं जेवू घालायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. दोन वर्षांच्या पोराला कळतं ते.

"मेहल म्हणजे मेहल," कोलीन म्हणाला.

"अर्थात. पण किती माणसं असली म्हणजे मेहल म्हणायचं? चार? पाच?"

"पुरतील तेवढी."

"आणि साधारण कोण कोण येतं? मागच्या वेळचंच उदाहरण घेऊ. कोण आले होते, आणि कुठल्या जागी?"

नुअलानं तिकिटांचा खण हळूच लावून घेतला. बार्टली खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं फक्त कोलीनचा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या चाकांना मोन रुआची काळी माती. आल्वानं पाहिलं, गेराइंटनंही तिकडेच पाहिलं. अर्धा क्षण. पण पाहिलं.

"शब्द स्त्रीलिंगी आहे ना?" त्यानं वही उघडली.

"आम्ही कधी वाकून बघितलं नाही," बार्टली म्हणाला.

"आणि अनेकवचन? एक मेहल, दोन...?"

"दोन कशाला?" कोलीन म्हणाला. "एकच जमता जमत नाही."

"म्हणजे या गावात एकच आहे," गेराइंट म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

कोलीननं टोपी घातली आणि गेला. दूध तिथंच राहिलं.

नुअला बाटलीकडे बघत म्हणाली, "तुझ्या आईकडे राहतो ना हा, पोरी?"

"खोली दिलीय फक्त," आल्वा म्हणाली. पण तिचे कान तापले.

त्यानंतर ती त्याच्यावर नजर ठेवायला लागली. तो कुठं जातो, कुणाशी बोलतो, किती वाजता येतो. तो म्हाताऱ्यांना गाठायचा. कापायच्या फावड्याला काय म्हणता, त्याच्या पात्याला काय, पात्याच्या पंखाला काय. वीट उभी केली की तिला काय म्हणता, पाच विटांच्या ढिगाला काय. सगळं मोन रुआचंच. समुद्र पुढ्यात पसरलेला, पण माशाबद्दल एक शब्द विचारेल तर शपथ. रात्री जेवण झालं की बाबीनबरोबर स्वयंपाकघरात बसायचा, तिच्या हातातला बटाटा घेऊन सोलायला लागायचा. बाबीन हसायची. चार वर्षांत इतकी हसली नव्हती. आल्वा दार आपटून बाहेर जायची.

गुरुवारी तो किनाऱ्याकडे गेला आणि आल्वा चादरी बदलायच्या नावाखाली वर गेली.

पेटीला कुलूप नव्हतं. यात तिला जास्तच काळंबेरं वाटलं. चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावलेल्या होत्या. 'म' ची थप्पी जाड होती, आणि मेहलची चिठ्ठी तिच्यात सगळ्यात मळकी, पुन्हा पुन्हा हाताळलेली.

वर शब्द. खाली स्त्रीलिंगी, मग त्याची बदलणारी रूपं, एकाखाली एक. मग हे: मोन रुआ, उत्तरेकडचा कट्टा, मे महिन्यातला दुसरा शनिवार. अकरा माणसं. आणि नावं. कोलीन टॉम. तांबडा बार्टली. एन्या, बार्टलीची बायको. नुअला पोस्टातली. एकेक करून सगळी, गावात म्हणतात तशी, आडनावांशिवाय. शेवटचं नाव तिचंच, आल्वा बाबीन.

तिनं मागं उलटून पाहिलं. मागच्या बाजूला वेगळीच भाषा, बारीक अक्षरात, एक ओळ कळेल तर खोटं. वर 'मेडेल' असं काहीतरी आणि खाली पुन्हा यादी.

तिचं डोकं फिरलं. मेहलला कोण आलं ते कुणी लिहीत नाही. आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असतं आणि बाकीच्यांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. लिहिलं की मोजणं आलं, मोजलं की ती मेहल नाही राहत. आणि इथं तर दिवसासकट, कट्ट्यासकट. याहून कोर्टाला आणखी काय लागतं?

चादरी तशाच जमिनीवर टाकून ती चिठ्ठी घेऊन धावतच नुअलाकडे गेली.

नुअलानं चष्मा लावला. वाचलं. चिठ्ठी उजेडात धरली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, उलटी केली, परत सुलटी केली.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"बरं केलंस," नुअला म्हणाली आणि चिठ्ठी तिकिटांच्या खणात ठेवली. "राहू दे माझ्याकडे. तू घरी जा, तोंड बंद ठेव."

आल्वा घरी येताना जवळजवळ उड्या मारत होती. आता बघू म्हणावं.

रात्री गेराइंट जेवताना म्हणाला, "माझी एक चिठ्ठी सापडत नाही. बहुधा कुठे पडली असेल." आणि बशीतल्या माशाकडे बघत राहिला. आल्वानं त्याला मीठ दिलं, फार अदबीनं.

रविवारी चर्चच्या फाटकाशी बाबीन काठीवर रेलून उभी राहिली आणि म्हणाली, "शनिवार कोरडा दिसतोय." बस. मेहलचं बोलावणं असंच असतं. मे महिन्यात मेहलनं कापलेल्या बाबीनच्या विटा आता वाळून खडखडीत झाल्या होत्या. त्या दलदलीतून उचलायच्या, ट्रॉलीत भरायच्या आणि घरामागं रचायच्या. ते झालं की हिवाळा सुटला. त्या शनिवारनंतरच्या शुक्रवारपासून पावसाचं सांगितलं होतं आणि भिजलेली वीट म्हणजे नुसता चिखल. त्या घरात चुलीशिवाय ऊब नव्हती. पाणी तापायचं त्याच चुलीवर आणि बाबीनची कंबर शेकायची तिच्यासमोरच.

बाकीच्या बायका आभाळाकडे बघून "हो, दिसतोय" म्हणाल्या.

शनिवारी बाबीन पहाटे उठली. दोन डझन अंडी उकडली. चार पाव भाजले. बेकनचा तुकडा कापून ठेवला, चहाच्या बाटल्यांना लोकरी मोजे चढवले. सात वाजता दोघी मोन रुआच्या फाटकाशी जाऊन बसल्या.

आठ वाजले. नऊ वाजले.

साडेनऊला कोलीनचा ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत बार्टली. आल्वा उठून फाटक उघडायला गेली. ट्रॅक्टर सरळ पुढं गेला. कोलीननं स्टेअरिंगवरचं एक बोट उचललं, रस्त्यात भेटलेल्या कुणालाही उचलतात तेवढंच. बार्टली टोपी ठीक करत होता.

"काय झालं याला?" आल्वा म्हणाली.

अकरा वाजता तिनं एक अंडं सोललं आणि तसंच हातात धरून बसली.

"आई, त्या माणसामुळं झालंय हे. माझ्याजवळ पुरावा होता. त्यानं सगळ्यांची नावं लिहिली होती. अकराच्या अकरा."

"माहितीय मला," बाबीन म्हणाली. "मीच सांगितली."

आल्वाला आधी कळलंच नाही.

"बटाटे सोलत होतो. तो विचारत होता, मी सांगत होते. तुझा बाप गेला त्या वर्षी मला वाटलं होतं, आता आपल्याकडे कोण येणार. आणि आले. दर वर्षी आले. या वर्षी अकरा होते. कुणालातरी सांगावंसं वाटलं, पोरी. त्यानं खाली लिहिलंही की बाबीननं सांगितलं. मला दाखवलं कोपऱ्यात. मी म्हटलं, लिही."

कोपऱ्यात. नुअलाचं बोट कोपऱ्यावरून फिरलं होतं. आणि आल्वा, जिला अर्ध्या मैलावरून कुणाच्या मेंढीला कुणाचा शिक्का ते दिसतं, तिनं कोपरा वाचलाच नव्हता.

"तुला कसं माहीत चिठ्ठीत काय होतं?" बाबीननं विचारलं. मग तिच्याकडे बघितलं आणि पुढचं विचारायची गरज पडली नाही. ती अंडं खाली ठेवून म्हणाली, "बरं."

ते 'बरं' आल्वाला शिवीहून लागलं.

दुपारी गेराइंट हातगाडी घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत दोन छोटे ढीग रस्त्याला लावले. ट्रॉलीच्या चौथाईएवढंसुद्धा नाही. त्याच्या तळहातांना फोड आले, बूट गुडघ्यापर्यंत काळे झाले.

"त्या चिठ्ठीच्या मागं काय होतं?" आल्वानं विचारलं. तिनं माफी मागितली नाही. त्यानंही चिठ्ठी कुठं आहे ते विचारलं नाही.

"आमच्याकडचा शब्द," तो म्हणाला. "मेडेल. तुमच्या मेहलचाच भाऊ, फार जुना. कापणीला जमणारी माणसं. आमच्या कोशात आहे तो. पुढे एवढंच लिहिलं आहे, कापणी करणाऱ्यांचा गट. माझे आजोबा शेवटच्या मेडेलमध्ये होते. ते जाण्यापूर्वी मी त्यांना विचारलं, कोण कोण होतं? त्यांना सात नावं आठवली. आणखी माणसं होती म्हणाले, पण नावं गेली." त्यानं फोडाकडे पाहिलं. "शब्द कोशात राहिला. त्यात आणखी कोण होतं ते कुणालाच माहीत नाही."

"आणि आमची नावं छापणार तू?"

"नाही. नावं छापत नाहीत."

"मग लिहितोस कशाला?"

"मला भीती वाटली," तो म्हणाला, "म्हणून."

खरं बोलत असेल. तिला सांगता येईना. छान हसणारी माणसं छान बोलतातही.

संध्याकाळी अजून ऊन होतं. ती कोलीन टॉमकडे गेली. तो अंगणात ट्रॉलीचं चाक काढून बसला होता.

"तो सरकारी माणूस नाही," आल्वा म्हणाली.

"माहितीय."

"माहितीय?"

"सरकारी माणसाला आपली भाषा येते होय? गेल्या वर्षीच्याला 'दिवस बरा आहे' एवढंही म्हणता येत नव्हतं. हा तर आपल्यालाच व्याकरण विचारतो. चार दिवस शंका होती, मग गेली." त्यानं नट फिरवला. "पाना दे तो. मोठा."

तिनं दिला. "मग आज आला का नाहीस? आईनं नावं सांगितली म्हणून?"

"काही जण म्हणतात त्यासाठी. नुअला म्हणते. मी नाही म्हणत. बाबीन कौतुकानं बोलली असेल, तिचा स्वभावच आहे." त्यानं पाना खाली ठेवला. "पाहुणा तुमच्या छपराखाली झोपतो. तुमच्या ताटात जेवतो. त्याच्या पेटीत हात घालून त्याचा कागद तू काढलास आणि पोस्टात नेऊन दिलास. बरोबर?"

"मी तुमच्यासाठी..."

"बरोबर का नाही ते सांग."

"हो."

"गेल्या वर्षीही कुणीतरी असंच काहीतरी कुणालातरी नेऊन दिलं. त्यालाही वाटलं असेल, आपण चांगलंच करतोय." तो तिच्याकडे बघत नव्हता, चाकाकडे बघत होता. "तू शाळा सोडलीस मार्चमध्ये. मला कागद आला एप्रिलमध्ये. दिवसभर हिंडत असतेस. कोण कुठं कापतं, कुणाच्या ट्रॅक्टरचा नंबर काय, तुझ्याइतकं कुणाला पाठ आहे?"

आल्वानं शेजारच्या बादलीला लाथ मारली. बादली अंगणभर घरंगळत गेली, कोंबड्या पळाल्या. कोलीननं तेवढ्यात दोन नट बसवले.

"मी नव्हते ती."

"नसशीलही. मी कुठं म्हटलं होतीस."

"म्हणालासच की."

"विचार आला तो सांगितला. तुझ्या तोंडावर सांगितला, बाकीचे पाठीमागं सांगतायत."

"मग मी कसं पटवू?"

"पटवता येत नाही. मला तरी कुठं येतं? निम्मं गाव म्हणतं मीच माझी खबर दिली, पेपरात फोटो यावा म्हणून." तो उठला, गुडघे धरून. "सोमवारी बार्टलीची मेहल आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मेहलचं कुणी कुणाला सांगत नसतं, पोरी. तुझ्या बापानं शिकवलं नाही होय?"

सोमवारी ती गेली. आईला काही न बोलता, डबा न घेता. दलदलीत सगळे तिच्या आधी पोचलेले. कुणी "आलीस" म्हटलं नाही. कुणी "जा" म्हटलं नाही. ट्रॉलीशी रांग लागली होती, वीट या हातातून त्या हातात. ती मधे घुसायला गेली तशी रांग दोन्हीकडून थोडी सरकली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी राहिली. मग तिनं रांग सोडली. दूरच्या कट्ट्यावरचे ढीग कुणी उचलत नव्हतं, तिथं चिखल जास्त. तिथून ती एकटी पोतं भरभरून आणायला लागली. मागं कुजबुज झाली की मान वळवायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. तीन वेळा वळवली. तिन्ही वेळा सगळे विटांकडे बघत होते. नुअला पण.

दुपारी एन्या टोपली घेऊन आली. बार्टलीची बायको, कमी बोलणारी, एकदा हिशेब धरला की न विसरणारी. मेहलमध्ये ज्यानं काम केलं त्याला त्या घरचं अन्न मिळालंच पाहिजे. ज्याला मिळालं नाही तो मेहलमधला नाही, नुसता तिथं असलेला माणूस. एन्या एकेकाच्या हातात अंडं ठेवत आली, पाव ठेवत आली, आणि आल्वाच्या पुढून तशीच पुढं गेली.

आल्वानं पोतं उचललं आणि परत दूरच्या कट्ट्याकडे चालायला लागली. डोळ्यांत पाणी आलं त्याचा तिला इतका राग आला की तिनं दोन पोती एकदम भरली.

परत आली तेव्हा बार्टली टोपलीत बघत होता. "एक अंडं उरलंय, एन्या."

"उरू दे."

"तू मोजून उकडतेस. कधी उरत नाही."

कुणी खात नव्हतं. कोलीन पावाचा तुकडा हातात घेऊन आभाळ बघत होता, जसं काही तिथं काही आहे. एन्यानं आल्वाच्या बुटांकडे बघितलं. मग पोत्यांकडे. मग टोपलीत हात घातला आणि ते अंडं तिच्या चिखलानं काळ्या तळहातावर ठेवलं. मिठाची पुडी मात्र दिली नाही. ती तिनं एप्रनच्या खिशात टाकली.

आल्वानं अळणीच खाल्लं. संपेपर्यंत कुणी तिच्याशी बोललं नाही, पण सगळे खायला लागले.

गुरुवारी सकाळी बाबीनच्या दाराशी ट्रॅक्टरचा आवाज झाला. बाबीननं ऐकलं आणि पहिल्यांदा घड्याळाकडे, मग पश्चिमेकडे पाहिलं. ढग समुद्रावर उभे होते, काळे, पण अजून लांब.

"अंडी," ती म्हणाली. "आल्वा, अंडी किती आहेत घरात?"

दिवसभर कुणी फार बोललं नाही. एरवी मेहलमध्ये बार्टलीचं तोंड चालू असतं, याची बायको, त्याचा कुत्रा. त्या दिवशी तोही मोजकंच बोलला. एन्यानं दुपारी स्वतःच्या पुडीतलं मीठ आल्वाच्या अंड्यावर टाकलं, चिमूटभर, आणि पुडी परत ठेवली. गेराइंट रांगेत सगळ्यात शेवटी होता, हातांना फडकी बांधून. एका म्हाताऱ्यानं कसलातरी शब्द वापरला, ओल्या विटेसाठी, फार घाण शब्द. गेराइंटचा हात आपसूक खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. रांग थांबली. त्यानं हात रिकामा बाहेर काढला आणि पुढची वीट घेतली.

"लिही की," बार्टली म्हणाला. "तो शब्द पाद्रीबाबानं ऐकायला हवाच." आणि तेव्हा कुठं दोघंतिघं हसले.

शेवटची ट्रॉली घरामागं रिकामी झाली तेव्हा पहिला थेंब कौलावर वाजला. भिंतीएवढी रास झाली होती, तिरकी रचलेली, पाणी निथळून जाईल अशी. बाबीन काठी टेकत आली, राशीवर हात ठेवून उभी राहिली. कुणाचे आभार मानायचे नसतात. तिनं मानले नाहीत. नुसती हात ठेवून उभी राहिली.

आल्वा मोजत होती. मोजायचं नाही हे माहीत असून मोजत होती. कोलीन, बार्टली, एन्या, मग किनाऱ्याकडचे तिघं भाऊ, मग तिघं म्हातारे, ती स्वतः. दहा. गेराइंटला मेच्या अकरांत धरायचं नाही. दहाच.

नुअला नव्हती.

गुरुवार होता. पोस्ट बंद ठेवता येत नाही. मे महिन्यात शनिवार होता, सोमवारी सुट्टी होती, म्हणून आली होती. असेल तसंच. पण ती चिठ्ठी अजून तिकिटांच्या खणातच होती, अकरा नावांसकट, कट्ट्यासकट. आणि गावात येणारा आणि गावातून जाणारा प्रत्येक कागद त्याच खणावरून जातो. गेल्या वर्षी एप्रिलमध्येही जात होता.

आल्वाच्या जिभेवर नाव आलं. तोंड उघडलंही.

"काय मोजतेस?" कोलीननं विचारलं. तो ट्रॉलीचं फळकूट बंद करत होता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो रस्त्याच्या वळणाकडे बघत होता, जिथं पोस्टाचं हिरवं दार दिसतं.

"काही नाही," आल्वा म्हणाली आणि राशीवर ताडपत्री ओढायला त्याच्या बाजूला गेली.